आनंदराजची डुकरं

न्हाई न्हाई, सायेब, मालक मी न्हाई — मी मन्मथ, शेजारचं रान आमचं, सहज आलतो इकडं. शेडवर पाटी हाय की, 'आनंदराज वराहपालन' — वाचली न्हाई का? तोच मालक. नाल्याकडं खड्डा खंदून राहिलाय, सकाळी अजून एक मादी गेली ना. येईल आता, बसा तवर बाजेवर. रक्त घ्यायला आलात म्हणा की — हा डुकरांचा ताप जिल्ह्यात कुठं कुठं पसरला ते बघायला? घ्या, घ्या. पण ती कोपऱ्यातली, कान निळे पडलेत ती — तिचं जरा हळू घ्या, दिवस भरत आलेत तिचे… म्हणजे, आनंदराज म्हणत होता तसं. काय म्हणलात? माझ्या आवाजाला उठली ती? — असंल, मुकं जनावर हाय, कुणाच्याबी आवाजाला उठतं.

असं बघू नका हो. बरं, सांगतो — पण तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पैसा माझा हाय. डुकरंबी माझीच. गळ्यात लिंग हाय माझ्या, घरात अंडंसुद्धा येत न्हाई, आप्पा पूजा झाल्याबगर चहाला शिवत न्हाईत — अन् त्यांच्या पोराचा डुकरांचा धंदा? मुखेडच्या बाजारात एकानं सांगितलं, माल हैदराबादला जातो, लई कमाई हाय — लोभ सुटला, सायेब, लाज तेवढी सुटली न्हाई. म्हणून शेड आनंदराजच्या रानात, पाटी त्याच्या नावाची. तो हसला होता तवा. म्हणला, मन्मथराव, डुकरं तुमची अन् वास आमचा.

खायला? हाटेलीतलं, लग्नातलं उरलेलं. नांदेडहून ड्रम मीच आणायचो. उकळून का — त्याची बायको, पंचशीला, चूल पेटवून तयार ऱ्हायची, दोघंबी म्हणायचे उकळल्याबगर घालू नका. पण मला घरी पळायची घाई, कुणी बघंल म्हणून. तसंच वतायचो. त्यात डुकराचं मटण होतं का? — मला काय मालूम, सायेब! नाकाला रुमाल अन् तोंड पलीकडं. तसलं खरकटं नुसतं बघितलं तरी इटाळ वाटायचा. डुकरं विकताना न्हाई वाटला कधी — हे आमचं सोवळं. त्यातूनच हा ताप आला असंल म्हणता? मग मीच आणला की हो.

माणसाला होत न्हाई ना हा? — अजिबात न्हाई? मग परवा यायचं होतं तुम्ही. पंचशीलाला नळावरून उठवलं लोकांनी — म्हणले, आनंदराजनं गावात रोग आणला, पाणी बाटवू नका. बाटवू — हाच शब्द, सायेब, अजून! मी तिथंच हुबा होतो, आप्पा शेजारी. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. रिकामी घागर घेऊन गेली. एक शब्द बोललो असतो तर — पण मी, सायेब, मी लोकांसोबत मान डोलवली. तवापासून तिच्यासमोर जायला पाय उचलत न्हाई. लाज वाटते असं म्हणायचीबी लाज वाटून राहिली.

अन् तुमची ही मोजणी बरोबर येणार न्हाई, सांगून ठेवतो. जिथं डुकरंच लपवलेली, तिथं रोग कोण सांगंल? उमरीकडं आमचा एक पावणा हाय, त्याच्याबी शेडवर दुसऱ्याचीच पाटी हाय. विचारा त्याला किती मेली — म्हणंल, कुणाची डुकरं, कसली डुकरं!

लिहा, सायेब. खरंच लिहा. गावात येऊन तुम्हीच वाचून दाखवा, म्हणजे सुटंल ती बाई तरी. मालकाचं नाव — मन्मथ… थांबा. बांधावर ती काळी छत्री कुणाची हो? आप्पा. आप्पाच हायत, इकडंच येऊन राहिले. सायेब, पेन ठेवा खिशात — हात जोडतो — तुमची माझी वळख न्हाई, मी बोअरचं पाणी बघायला आलतो — अन् ही मादी कशाला वरडून राहिली माझ्याकडं बघून, गप करा की तिला — ए आनंदराज! अरे ये की लवकर, डॉक्टर तुझ्या डुकरांचं इचारून राहिले!