रंगनाथरावांचे गुडघे

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनातला प्रश्न छोटा आहे, म्हणून पुढच्या सतरंजीवरच्या बाळगोपाळांनाच विचारतो. एखादी गोष्ट नीटस दिसावी म्हणून तिच्यातलं काय कापावं — आणि कुठे थांबावं? काय म्हणालास? नखं? शाबास! नखं कापावीत, बोटं ठेवावीत. एवढं ज्याला कळलं, त्यानं घरी गेलं तरी चालेल. बाकीच्यांनी द्वारकाबाईंची गोष्ट ऐका.

कऱ्हाडच्या द्वारकाबाई. तिथल्या बागप्रेमी मंडळाची दरवर्षी फोटोंची स्पर्धा — 'कुंडीतलं फुलझाड'. बाईंना तीन वर्षं उत्तेजनार्थ! उत्तेजनार्थ म्हणजे काय? पंगतीला बोलवायचं आणि ताक पाजून परत पाठवायचं. यंदा पहिला नंबर हवाच, असं बाईंनी गणपतीला सांगितलं होतं. नवस नव्हे हं — बजावून!

एका सकाळी कुंडीतली जास्वंद उमलली. लालभडक, बशीएवढी. बाई मोबाईल घेऊन धावल्या, तर फुलामागे दोरीवर वाळणारे कपडे! मागे पांढरं काही धरायला हवं. चादरी उपसल्या — एकीवर मोर, दुसरीवर हत्ती. घरात कोरं पांढरं कापड एकच होतं, आणि ते त्यांचे यजमान, रंगनाथराव, नेसले होते.

जास्वंद एका दिवसाची पाहुणी. थांबायला वेळ कुठला? रंगनाथरावांनी निमूटपणे धोतर सोडलं, दुहेरी केलं आणि झाडामागे दोन्ही हातांनी ताणून धरून चड्डीवर उभे राहिले. एकपत्नीव्रत म्हणतात, मंडळी, ते हेच!

फोटो झकास आला. मधोमध फूल, मागे पांढरंशुभ्र. फक्त खाली, कुंडीच्या अलीकडे एक गुडघा, पलीकडे एक. जसे देवळाच्या दारात जय-विजय! बाजूनं कापावं तर पानं जात होती. बाईंनी खालून कापलं. गुडघे गेले. हुश्श करून बाईंनी फोटो पाठवून दिला.

निकालाच्या दिवशी भर सभेत परीक्षक म्हणाले, "फोटो सर्वांत सुंदर. पण बाई, कुंडी कुठे आहे?"

गुडघ्यांबरोबर कुंडीही गेली होती! कुंडी दाखवा, नाहीतर फोटो बाद. अख्खा फोटो मोबाईलमध्ये होता. पहिला नंबर चार बोटांवर, पण वाटेत नवऱ्याचे गुडघे. बाईंनी मोबाईल पदराखाली घेतला आणि राहू द्या म्हणाल्या.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून रंगनाथराव म्हणाले, "अगं, दाखव. गुडघे माझेच आहेत, कुणाचे मागून आणलेले नाहीत."

बाईंनी दाखवला. तोही पडद्यावर, पुरुषभर उंच! सभा पाच मिनिटं हसत होती. परीक्षकांनी आधी डोळे पुसले, मग चष्मा, आणि पहिला नंबर दिला.

आज घरात भिंतीवर अख्खा फोटो आहे. पाहुणे विचारतात, हे खाली काय? बाई सांगतात, "त्यांच्या जिवावर तर फूल दिसतंय."

आता तुमच्याकडे वळतो. पोरगा पहिला आला की पेढे वाटता. त्याला पाढे घोकवणारी ताई फोटोत असते का? संकटात देव मधोमध, आणि काम झालं की देवालाच खालून कापता! घरी जा, आपापले जुने फोटो बाहेर काढा, कुणाचे गुडघे गेलेत ते शोधा.

आणि खांबाजवळच्या ताई, माझा फोटो काढताय ना? मागचा पेटीवाला कापू नका. त्यानं हात सोडला, तर माझं धोतर सुटलंच म्हणून समजा!