अंतरा जरा सावकाश

गुरू रुसला की काय होतं, ते मी आमच्याच घरात पाहिलंय. तेव्हा इंदूर मध्य भारत राज्यात होतं. माझा थोरला भाऊ प्रभाकरदादा मुंबईत सिनेमाला संगीत द्यायला लागला, म्हणून बड़ा गणपतीजवळच्या त्याच्या गुरुजींनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. चार वर्षांनी दादाची इंदुरात मैफल ठरली, तेव्हा मात्र गुरुजी आले आणि अगदी पुढे बसले.

दादा दोन तास स्वतः बांधलेल्या बंदिशी गायला. गुरुजींनी मानसुद्धा हलवली नाही. मग मागून कुणीतरी इंदुरी हिंदीत म्हणालं, “भिया, अब वो फिलम वाला गाना हो जाए.”

दादानं गुरुजींकडे बघितलं.

गुरुजी म्हणाले, “म्हण की. पण अंतरा जरा सावकाश घे. सिनेमात तू घाई केलीस. तीनदा जाऊन ऐकलंय मी.”