गव्हाणीतली गादी

बायको : हळू बोल. बोलतेय ती.

नवरा : कोण?

बायको : आपली चिमणी. ती बघ, गव्हाणीतल्या गादीवर बसून.

नवरा : अगं... खरंच की! तिची आई गेल्यापासून हूं की चूं केलं नव्हतं पोरीनं.

बायको : रडू नकोस रे. घाबरेल.

नवरा : काय म्हणतेय?

बायको : नावं घेतेय. चांदणी, बांडी, तांबू. मग म्हणते, 'सुटली. आता पुढची.' गायी सोडत असेल बहुतेक.

नवरा : हा पूर्वी गोठा होता ना, काल आपणच तिला सांगितलं. सुचला खेळ.

बायको : नावं कुठून सुचली पण?

नवरा : सुचेनात का कुठूनही! आठवडा काय, महिनाभर राहू इथे. मावशी, या ना, दार उघडंच आहे.

मावशी : दूध आणलंय, ताई. जरा तापवून... अगंबाई. ही नावं हिला कोणी सांगितली?

बायको : का हो?

मावशी : मालकांची जनावरं ती. गोठा पेटला तेव्हाची.

नवरा : पेटला होता? आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मावशी : पाहुण्यांना कोण सांगेल, साहेब? भर दुपारची गोष्ट. माळ्यावर सगळं वाळलेलं गवत. मालकीणबाई आत शिरल्या, दावी सोडायला. एकेक गाय बाहेर येत होती, आम्ही बाहेरून हाका मारत होतो. सगळी आली.

बायको : आणि त्या?

मावशी : दूध लवकर तापवा, ताई. नासेल. येते मी.

नवरा : बॅगा भर.

बायको : वेडा आहेस का? वर्षभरानं तोंड उघडलंय तिनं!

नवरा : कुणाचं बोलणं बोलतेय, ऐकलंस ना?

बायको : आवाज तिचाच आहे. मला तेवढा पुरे. डॉक्टर झाले, औषधं झाली, कुणाला जमलं का?

नवरा : तिचे हात बघितलेस?

बायको : हातांना काय झालं?

नवरा : तळवे उघड तिचे. वळ आहेत. दोर ओढून ओढून उठतात तसे. या घरात दोर आहे का कुठे? सांग ना.

बायको : चिमणे, तळवा दाखव बघू... अरे देवा.

नवरा : भरतेस ना बॅगा?

बायको : भरते.

(गाडीत. फाटक मागे पडलं आहे.)

नवरा : झोपली का?

बायको : नाही. टक्क जागी आहे.

नवरा : मग गप्प का?

बायको : फाटकापर्यंत बोलत होती. ते ओलांडलं आणि एकदम बंद.

नवरा : बोलेल. एकदा बोलली म्हणजे पुन्हा बोलेल. शहरात गेल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.

बायको : निघताना 'आई' म्हणाली.

नवरा : काय सांगतेस! तुला पहिल्यांदा 'आई' म्हणाली, आणि आत्ता सांगतेस?

बायको : स्पष्ट म्हणाली. 'आई, चल ना.'

नवरा : मग हसायचं सोडून अशी काय बसलीयेस?

बायको : माझ्याकडे बघत नव्हती रे ती. मागे दाराकडे बघत होती.

नवरा : दाराशी कुणी नव्हतं. कुलूप मीच लावलं.

बायको : असू दे. बोलते तरी तिथे. वळव गाडी.