मृताशी नाते

बस ना गं, उभी का? — ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घे. तुझ्या बाबांचा खण मी कुणाला उघडू दिला नाही. तीन आठवडे झाले, शिपाई दोनदा येऊन गेला, नवीन माणूस बसायचाय म्हणाला — म्हटलं, त्यांची मुलगी येईल, तिच्याच हातात देईन. हे बघ, चष्म्याचं घर, पायमोजे, दाढदुखीच्या गोळ्या. आणि या पेन्सिली, नखाएवढ्या — बोटांत धरता येईनात तरी टाकवायच्या नाहीत त्यांना.

काय करायचे दिवसभर? अगं, आवक-जावकच्या टेबलावर माणूस काय करणार? येईल त्या पत्रावर शिक्का, नंबर, नोंद. ते वाचायचे, मी लिहायची — कुणाकडून, कुणाला, विषय काय. अकराला अर्धा कप चहा, एकला डबा, तीनला ऊन आत आलं की उठून पडदा ओढायचे — माझ्या डोळ्यांवर यायचं ना, त्यांच्या नव्हे. साडेपाचला पेनाला टोपण. झालं. सव्वीस वर्षं हेच. लोक विचारायचे, कंटाळा कसा येत नाही हो तुम्हा दोघांना? — नाही यायचा. आता येतो. आता मीच वाचते, मीच लिहिते, आणि घड्याळ म्हणून हलत नाही.

स्वेटर? हो, हा राखाडी, इथेच असायचा खुर्चीच्या पाठीवर. दुकानातला कुठला गं, तो मी — म्हणजे, विणते मी अधूनमधून, देते कुणाकुणाला... नाही. खोटं कशाला बोलू तुझ्याशी. दुसऱ्या कुणाला नाही दिला कधी.

तुझी आई गेल्यावर चार वर्षांनी विचारलं त्यांनी. इथेच, याच टेबलावर. मला सगळं ऑफिस ताई म्हणतं, तेही म्हणायचे. एक दिवस पत्र वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "आजपासून ताई म्हणणार नाही. चालेल?" मी वर बघितलंच नाही. विषय काय, एवढंच विचारलं — लिहायचं राहिलं होतं ना. त्यांनी विषय सांगितला, मी लिहिला, आणि मग म्हटलं, चालेल.

मग? मग काय, वर्षं गेली. — नाही गं, तुझ्यापासून नाही लपवलं त्यांनी. विचारलं होतं की तुला. तू चौदाची होतीस, म्हणालीस, आईच्या जागी कुणी आलं तर मी मामाकडे निघून जाईन, आणि दोन दिवस जेवली नाहीस — अरे देवा. हे नव्हतं बोलायचं मला. बघ, जिभेला हाड नाही ते नाहीच. तुझा काय दोष त्यात? तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. खरंच सांगते, राग नाही आला मला. म्हणजे आला, पहिलं वर्षभर आला, तुझ्या परीक्षेचे पेढे आणले होते त्यांनी, ते खाल्ले नाहीत मी. पण मग ते रोज तुझं सांगायचे, तुझा ताप, तुझी सायकल, आणि कधी गेला राग तेही कळलं नाही. आधी तुझं शिक्षण होऊ दे, मग तुझं लग्न. तुझं झालं तर माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मीच म्हटलं, थांबा. ती गेली गेल्या वर्षी. डिसेंबरात ते रिटायर होणार, त्याच आठवड्यात लग्नाची नोंदणी करायची, ठरलं होतं. रविवारी येतो म्हणून फोन केला होता ना तुला? तेच सांगायला येणार होते.

आणि मंगळवारी... ते दहा-दहाला येणारे. साडेदहा झाले, मी पहिलं पत्र तसंच धरून बसलेली. अकराला साहेब बाहेर आले, बातमी सांगितली, सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. मीही उभी राहिले, सगळ्यांसारखी. तुमच्या घराखाली आलो तेव्हा मी मागे होते, ऑफिसच्या घोळक्यात — तू हात जोडलेस आम्हाला, आलात बरं झालं म्हणालीस. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेतला. त्यात एक रकाना असतो, मृताशी नाते. तासभर पेन धरून बसले. सहकारी लिहिलं तर रजा मिळत नाही, आणि दुसरं काय लिहू? फाडला अर्ज, पत्रं पुढ्यात ओढली.

घरी? तुझ्या? नको गं. मनापासून बोलावतेयस, कळतंय मला — पण एवढी वर्षं त्या घराचा जिना चढले नाही, आता कुणाला भेटायला येऊ? स्वेटर तू ने. ने म्हणते ना. जा आता, डोळे पूस आधी, काउंटरवर माणूस उभाय —

हं, बोला साहेब. द्या इकडे. कुणाकडून आलंय?