कडू पेज

गोदा : आई, पेज आजपण कडू लागतेय.

शकू : तांदूळ जुना हाय. खा गप.

गोदा : मग तुमची कशी नाही कडू? एकाच टोपातली ना?

शकू : तुझ्याच तोंडाला चव नसंल.

गोदा : इतकी वर्षं रोज सकाळी ती पांढरी गोळी गिळली मी. तिची चव झोपेतसुद्धा ओळखीन. कुटून घातलीत ना पेजेत?

(शकू चुलीतलं लाकूड मागे ओढते.)

गोदा : मी रागावले नाही. पण बोला तरी.

शकू : व्हय, घातली. पाकिटात उरलेल्या व्हत्या, त्यातली. सासू सुनेच्या पेजेत कायतरी कालवते म्हणून वाडी बोलंल, तर बोलू दे.

गोदा : अहो, ती गोळी डॉक्टरबाईंनी बंद केलीय. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं ना मी तुम्हाला!

शकू : म्हणून तर घातली! माझ्या धाकूचं औषध पण असंच बंद केलंन. बंद केलंन आणि म्हटलंन, आता घरी न्या. कोल्हापूरवरनं येताना पालीला गाडी थांबवून चा मागितलान पोरानं. कप धरलान हातात, पण घोट नाय गेला. ता तू बघितलंस, मी बघितलंय. दुधानं तोंड पोळलंय गो माझं.

गोदा : त्यांचं निराळं होतं, आई. ताप अंगावर काढून ते बोटीवर जात राहिले. तपासणी करू दिली नाही कुणाला. आपण नेलं तेव्हा औषधाच्या हातात काही उरलंच नव्हतं.

शकू : आणि तुझं?

गोदा : माझं उलट आहे. एचआयव्हीची गोळी आहे ती रात्रीची. ती जन्मभर. ती नाही बंद केली, कधी करायचीही नाही. ही सकाळची पांढरी निव्वळ राखणीला होती. अंगात ताकद नसताना दुसरं दुखणं शिरू नये म्हणून. आता रक्तातल्या पेशी वाढल्या.

शकू : मागल्या खेपेलापण वाढलेल्याच सांगितलंन. तवा का नाय बंद केलंन?

गोदा : एका तपासणीवर विश्वास ठेवत नाहीत. सहा महिन्यांनी परत रक्त घेतलं. दोन्ही वेळा साडेतीनशेच्या वर, आणि मधे काही दुखणंही नाही. तेव्हा कुठे सोडलं. तुम्ही तरी श्रावणात एक दिवस पाणी शांत दिसलं म्हणून होडी लोटू द्याल?

शकू : दर्याला नारळ दिल्याबिगर? तंगडी मोडीन.

गोदा : मग! त्यांनी माझा नारळ बघूनच सोडलीय मला.

शकू : आणि पेशी पडल्या परत तर?

गोदा : तर परत सुरू करतील. पण गरज नसताना गिळत राहिले, तर उद्या खरंच लागेल तेव्हा ती लागू पडायची नाही. आणि पेजेत लपवून तर मुळीच नको. मला काय होतंय ते डॉक्टरांना कळणार कसं?

शकू : मी काय वाईटासाठी केलं गो? सकाळी तुझ्या हातावर गोळी ठेवायची, तू गिळलीस की मी चूळ भरायची. धाकू गेल्यापास्नं माझा दिवस तसाच उजाडतो. गोळी बंद झाली आणि हात रिकामा रवला, तर वाटलं ही पण चालली.

गोदा : मी कुठे जात नाही. रात्रीची गोळी द्या की हातावर. ती कुणी बंद करणार नाही.

शकू : डॉक्टरीण अजून काय बोलली?

गोदा : काही नाही. पुढची तारीख दिली.

शकू : तारीख दिलीन?

गोदा : हो. गणपती गेल्यावरची.

शकू : धाकूला नव्हती दिली. मी इचारली व्हती, परत कधी आणायचा? तो डॉक्टर नुसता माझ्याकडं बघत रवला.

गोदा : आई...

शकू : रडत नाय, धूर लागला डोळ्यांना. गणपती गेल्यावरची, म्हणजे तवापर्यंत तू हायस असं धरलंय त्येनी.

गोदा : त्याच्याही पुढे धरलंय.

शकू : मंग आण ती वाटी हिकडं, कोंबड्यांना नको हां, खड्ड्यात ओतते. दुसरी वाढते तुला. आणि थांब, मीठ घालू दे. गोळी कुटायच्या नादात चार दिवस मीठच घालायचं रवलं.