टाके नसलेलं दुखणं

अगं, ईराला सांगायचं कसं, या काळजीने मला रात्रभर झोप नव्हती. पित्ताशय काढल्यावर माझी पित्तनळी अरुंद झाली, म्हणून परत हॉस्पिटल. पाच वर्षांच्या पोरीला म्हटलं, "या वेळी कापणार नाहीत. तोंडातून दुर्बीण घालून आत छोटी नळी बसवतील." तिला लगेच पटलं. घरी आल्यावर सासूबाईंना पटेना.

"टाके किती पडले?"

"एकही नाही, आई."

"मागच्या वेळी चार होते, तेव्हा आम्ही काही बोललो का? आता टाकेच नाहीत, तर झोपून काय राहायचं? उद्यापासून डबा तूच कर."

मलाही वाटायला लागलं, मी नाटकं तर करत नाही ना. तेवढ्यात ईराने माझा कुर्ता वर करून पोटावर चार बँडेड चिकटवली.

"आता झोप. आजीने विचारलं तर चार सांग."