पाण्यावरची सावली

तुम्हीच सांगा, कॅमेरा काठावर ठेवून दादा तलावात काहून उतरला? साऱ्यांना विचारून झालं. त्याला पोहताही येत नव्हतं.

हार घालायला घरात त्याचा एकही फोटो नव्हता. सगळ्यांचे फोटो तोच काढायचा. म्हणून कॅमेऱ्यातला रोल मी जरीपटका भागातल्या स्टुडिओत धुवायला दिला. शेवटच्या फोटोत पाण्यावर रानबदकं होती, अन् त्यांच्यापर्यंत पोचलेली दादाची लांब सावली.

स्टुडिओवाल्या काकांनी ब्रश उचलला. "सावलीनं फोटो बिघडला गा. मिटवून देतो."

मी त्यांचा हातच धरला. "बदकं मिटवा पाहिजे तर, काका. माह्या भावाले नका मिटवू."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

घरी तो फोटो भिंतीवर लावला. हार जरा वर बांधला, सावलीच्या गळ्यात येईल असा.